पहिलें कोरणीयंत्र कोणतें घ्यावें?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. धंद्यानें ते सुतार. मुलानें सीएनसी राउटर घेण्याचा हट्ट धरला होता, आणि त्यासाठीं बहिणीच्या शिक्षणाकरितां साठविलेल्या पैशांस हात लावावा लागणार होता. "सर, हें हत्यार आहे कीं खेळणें, एवढेंच सांगा," असें ते म्हणाले. हाच प्रश्न अनेक घरांत पडत असेल असें वाटून त्याचें उत्तर येथें देत आहों.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. येथें राउटर म्हणजे घरांत इंटरनेट आणणारी पेटी नव्हे. वेगानें फिरणारें एक बारीक पातें, व त्यास डावीउजवीकडे, पुढेंमागें आणि वरखालीं नेणाऱ्या मोटारी, असें हें यंत्र असतें. संगणकावर काढलेल्या आकृतीवरून जी-कोड नांवाच्या आज्ञांची यादी तयार होते, व तिच्याबरहुकूम पातें चालतें. अंकांच्या आज्ञेनें चालणारें कर्तनयंत्र अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत १९५२ सालीं दाखविण्यांत आलें. पुढें २००९ सालीं जीआरबीएल नांवाची मोफत आज्ञावली निघाली, आणि लहानशा आर्डुइनो फलकावरूनही असें यंत्र चालवितां येऊं लागलें. स्वस्त यंत्रांचा मार्ग त्यामुळें बराच मोकळा झाला.

निवड करतांना 'यंत्र किती मोठें?' हा पहिला प्रश्न नव्हे, 'कापावयाचें काय?' हा होय. स्वस्त यंत्रांच्या एका प्रसिद्ध जातीस '३०१८' म्हणतात. म्हणजे कामाची जागा सुमारें ३०० मिलिमीटर लांब व १८० मिलिमीटर रुंद. नांवाच्या लाकडी पाट्या, शिक्के, ॲक्रिलिकवरील अक्षरें यांस तें पुरतें. परंतु १८ मिलिमीटर जाडीचें प्लायवुड कापावयाचें झाल्यास, एका फेरीस एक मिलिमीटर या हिशेबानें, त्याच रेघेवरून अठरा फेऱ्या घालाव्या लागतात. ज्यास कपाटाचीं दारें करावयाचीं आहेत त्यानें याच्या वाटेस जाऊं नये.

दुसरा प्रश्न कणखरपणाचा. पातें लाकडास रेटतें, तसें लाकूडही पात्यास रेटतें. पटाशी कितीही धारदार असली तरी मूठ ढिली असेल तर रेघ वांकडी जाते. यंत्राचेंही तसेंच आहे. चौकट लवचिक असली कीं कडा खरबरीत येतात, वर्तुळ बिघडतें व पातीं मोडतात. म्हणून तेवढ्याच पैशांत मोठें परंतु लेंचेंपेंचें यंत्र मिळत असेल, तर त्यापेक्षां लहान व घट्ट घ्यावें. विकत घेण्यापूर्वीं पातें धरणारा भाग हातानें दाबून पाहावा; तो डोळ्यांस दिसण्याइतका हलला तर यंत्र दुकानांतच राहूं द्यावें.

तिसरा प्रश्न खऱ्या खर्चाचा. पातीं झिजतात व मोडतात. शिवाय क्लॅम्प, कामाखालीं घालावयाची फळी, भुसा ओढणारें यंत्र, चष्मा व कानांचीं झाकणें हीं लागतातच. आमच्या मतें रकमेचा चौथा हिस्सा यांसाठीं राखून ठेवावा. आकृति काढण्याचीं साधनें मात्र फुकट मिळतात. इंकस्केप व फ्रीकॅड हीं त्यांपैकींच.

पालकांनीं एक गोष्ट विसरूं नये. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असें आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं नमूद केलें आहे. म्हणून यंत्र निजावयाच्या खोलींत कदापि ठेवूं नये. यंत्राबरोबर लेझर मिळाल्यास त्यास योग्य असाच चष्मा घालावा, व त्यानें पीव्हीसी कधींही कापूं नये, कारण त्यांतून विषारी वायु निघतो. चालू यंत्र सोडून जाऊं नये, हें तर सांगावयास नकोच.

त्या गृहस्थांस आम्ही कोणत्याही यंत्राचें नांव सांगितलें नाहीं. मुलानें संगणकावर पाट्यांच्या आकृति काढाव्या, वडिलांनीं त्या हातानें कोराव्या, आणि गिऱ्हाईक मिळतें कीं नाहीं तें पाहावें, असें सुचविलें. दिवाळीपर्यंत सहा पाट्या विकल्या गेल्या. यंत्र अद्याप यावयाचें आहे, व बहिणीचे पैसे जागच्या जागीं आहेत. मुलगा मात्र आतां 'सर्वांत मोठें कोणतें?' असें विचारीत नाहीं. 'बाबांचा हात ज्या कामास थकतो, तेवढें काम नीट करणारें कोणतें?' असें विचारतो. त्याच्या वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर यांतच आलें.