पन्नास रुपयांची साखळी

लातूर जिल्ह्यातलं जानवळ हे चाकूर तालुक्यातलं गाव पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. पश्मी काय, कारवानी काय, ही आपल्या भागातली पळणारी कुत्री: लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर, नजरेने सावज हेरणारी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली, ती यायलाच हवी होती. पण त्यानंतर या कुत्र्याला राखणीचंच काम उरलं. नांदेड-लातूरच्या शेतातल्या आखाड्यांवर हे कुत्रं, नाहीतर साधं गावठी, दिवसभर खुंट्याला बांधलेलं असतं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला अंग निववावं लागतं; आणि सावली सरकली तरी साखळी काही सरकत नाही.

याविरुद्ध कायदा करा, अशी मागणी होते तेव्हा एक गोष्ट विसरली जाते. कायदा १९६०पासून आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा आहे आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही, तर तोही. मात्र अवाजवी म्हणजे किती तास, किती फूट, हे कुठेच लिहिलेलं नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, आणि गुन्हा अदखलपात्र. उलट निष्काळजीपणामुळे आपलं जनावर कुणाला धोकादायक ठरलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा हिशेब कोणताही मालक करील आणि साखळी घट्ट करील. म्हणून अशी मागणी करणाऱ्यांनी नव्या कायद्याऐवजी या कायद्यात आकडे मागावेत. कॅलिफोर्नियाने २००६मध्ये असाच आकडा ठरवला: एका जागी बांधून ठेवायचं ते चोवीस तासांत तीनच तास.

‘सोडलं तर चावेल’ हा आक्षेप खोटा नाही. रेबीज जीवघेणाच आहे. पण अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चावणाऱ्या कुत्र्यांत अंगणात बांधून ठेवलेली असण्याचं प्रमाण न चावणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं. एका अभ्यासावरून साखळीच चावायला लावते असं म्हणता येणार नाही, पण साखळी म्हणजे सुरक्षा हेही त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय मोकाट सोडा असं कुणी म्हणत नाही. दिवसा जाळीचा किंवा काटेरी फांद्यांचा वाडगा, ते जमत नसेल तर दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेवर सरकणारी साखळी, जोडीला लसीकरण. राखण तर रात्रीचीच असते. खर्चाचं म्हणाल, तर अल्पभूधारकाला जाळी परवडणार नाही, हे खरं; तार परवडते. दंड वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२मध्ये हरकतींसाठी खुला केला होता. ती दुरुस्ती प्रत्यक्षात येईल तोवर २००१च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात अपेक्षित असलेली प्राणी क्लेश प्रतिबंधक समिती उन्हाळ्यापुरतं तरी काम करू शकते: लसीकरणाच्या शिबिरातच मालकाला तार कशी ताणायची ते दाखवता येईल.