चिल्लई कलानचे हिम

काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतच्या ज्या चाळीस दिवसांना 'चिल्लई कलान' म्हणतात, त्या दिवसांत फेरनच्या, म्हणजे सैल लांब झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी सांभाळीत बसलेला वृद्ध बागाईतदार वारंवार आकाशाकडे पाहतो, तो थंडीच्या धास्तीने नव्हे. पुढल्या उन्हाळ्यातील त्याच्या पाण्याची तजवीज तेथूनच व्हायची असते. भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान ओलांडीत येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे ओलसर हवेचे झोत, ते पाणी हिमाच्या रूपात आणतात. जानेवारीतले हिम कोरडे, पिठासारखे भुरभुरीत. थरावर थर दबून ते घट्ट होते आणि उंच शिखरांवरून उन्हाळाभर झेलम नदीला थोडे थोडे पाणी पुरविते. मार्चमधले हिम मात्र ओलसर व जड, उन्हाची तिरीप लागताच ओघळून जाणारे. तापमान वाढत चालल्याने आता हिमाच्या जागी पाऊस पडण्याचे प्रसंग वाढणार. २०२४ च्या जानेवारीच्या पूर्वार्धात तर गुलमर्गचे उतार तपकिरी, उघडे पडले होते, आणि त्या दृश्याने मन खरोखर विषण्ण होते. बागाईतदाराला हिवाळा केवळ पाण्यासाठीच हवा असतो असे नाही; सफरचंदाच्या कळीलाही थंडीतील दीर्घ निद्रा लागते. फेब्रुवारीतच ऊब मिळाली तर ती अवेळी उमलते, आणि एप्रिलमधल्या एखाद्या गारठ्याच्या रात्रीत करपून जाते.