सांध्याला हवी मोकळीक

पावसाळ्याच्या पहिल्या सरींबरोबर अनेक इमारतींच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागते. गतवर्षीच बुजविलेला सांधा पुन्हा फाटला की दोष बहुधा मालाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा माल उत्तम असतो. तो नको तेथे चिकटलेला असतो. बांधकामात जोड भक्कम असावा लागतो हे खरे. परंतु काही ठिकाणी तो हेतुपुरस्सर टाळावा लागतो. जोड टाळण्यासाठी मध्ये घातल्या जाणाऱ्या थरास बंधरोधक थर म्हणता येईल.

काँक्रीटची हालचाल

काँक्रीट अचल भासले तरी उष्णतेने ते प्रसरण पावते व थंडीने आकुंचन पावते. तापमान २० अंश सेल्सिअसने वाढल्यास ३० मीटर लांबीची स्लॅब सुमारे ६ मिलिमीटरने लांबते. यासाठीच लांब इमारतींत प्रसरण सांधे ठेवतात आणि ते रबरासारख्या ताणल्या जाणाऱ्या सीलंटने भरतात.

हे सीलंट सांध्याच्या दोन्ही कडांना घट्ट चिकटले पाहिजे. तळाला मात्र चिकटता कामा नये. रबराची पट्टी दोन टोकांना धरून ओढली तर ती सहज ताणते. तीच पट्टी पाठीमागून फळीला चिकटविली तर तिला ताणण्यास वाव उरत नाही व ती फाटते. तिन्ही बाजूंनी चिकटलेल्या सीलंटची हीच गत होते.

म्हणून सीलंट भरण्यापूर्वी सांध्यात पॉलिइथिलीन फोमची गोल दोरी दाबून बसवितात. ती सांध्याच्या रुंदीहून सुमारे पाव पट जाड असावी. २० मिलिमीटरच्या सांध्यास २५ मिलिमीटरची दोरी योग्य ठरते. तिच्यावर सीलंटची खोली साधारणपणे रुंदीच्या निम्मी, म्हणजे १० मिलिमीटर ठेवावी. दोरी बसविताना टोकदार हत्यार वापरू नये. ती फुटल्यास सीलंटमध्ये बुडबुडे येतात. सांधा उथळ असल्यास तळाशी पॉलिइथिलीनची चिकटपट्टी लावली तरी कार्यभाग साधतो.

जुनाच विचार

ही कल्पना आपल्या गवंड्यांना अपरिचित नाही. विटांच्या भिंतीवर स्लॅब ओतण्यापूर्वी भिंतीच्या माथ्यावर सिमेंटचे गुळगुळीत प्लास्टर करून, ते वाळल्यावर चुन्याचा जाड हात देण्याची पद्धत रूढ आहे. त्यामुळे स्लॅब भिंतीवर किंचित सरकू शकते. हा थर गाळल्यास स्लॅब वरच्या विटांना आपल्याबरोबर ओढते आणि छताखाली आडवी भेग पडते. काँक्रीटच्या रस्त्यांतही खालचा थर व वरची स्लॅब यांच्यामध्ये १२५ मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद अंथरतात, तो याच हेतूने.

दक्षता आवश्यक

बंधरोधक थर योग्य जागीच हवा. साच्याला लावलेले तेल सांध्याच्या कडांवर राहिले तर सीलंट तेथून सुटते. जुन्या काँक्रीटवर नवे काँक्रीट एकजीव व्हावयाचे असेल तेथे तेलाचा वा प्लास्टिकचा अंशही राहता कामा नये. कडा घासून, धूळ झाडून, पूर्ण कोरड्या झाल्यावरच सांधा भरावा.

शाळा, दवाखाने व घरे यांच्या दुरुस्तीवर दरवर्षी पैसा खर्च होतो. सांधा बुजविल्यानंतर त्याचा तळ दिसत नाही. म्हणून देखरेख करणाऱ्याने तो बुजविण्यापूर्वीच पाहावा. स्वस्तातली ही दोरी वा पट्टी वेळीच घातली, तर तोच सांधा पुन्हा उकरण्याची पाळी सहसा येणार नाही.