थेंबभर रक्ताची रुजवात

रक्त किती वेळात गोठते याची परीक्षा घरच्या घरी करणारे यंत्र ठाकुर्लीत एका गृहस्थांपाशी आहे, ते पाहून सविस्तर लिहा, असे संपादकांनी फर्मावले, म्हणून धीम्या गाडीने निघालो. जलद गाडी येथे थांबतच नाही. गृहस्थांनी उमेदवारीची वर्षे चोळे येथील रेल्वेच्या जुन्या विद्युत्गृहात बॉयलरच्या सान्निध्यात काढली, पुढे ते रेल्वेतूनच फिटर म्हणून निवृत्त झाले. बालपणीच्या संधिज्वराने त्यांच्या हृदयाची डावी झडप हळूहळू आक्रसत गेली व अखेर तिच्या जागी यांत्रिक झडप बसवावी लागली. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये यासाठी रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती कमी पडली तर पक्षाघाताचे भय, जास्त झाली तर रक्तस्रावाचे, अशा दोन संकटांमधील अरुंद वाटेने रोग्यास चालावे लागते.

या औषधाच्या कुळाचा इतिहास चमत्कारिक आहे. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातील द्रव्य वेगळे काढले. त्याच संशोधनातून निपजलेले वॉरफरिन 1948 च्या सुमारास उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि पुढच्याच दशकात माणसांचे औषध झाले. आपल्याकडे त्याच्याच जातीची असिट्रॉम ही गोळी अधिक चालते. गोठण्याचा काळ मोजण्याची रीत आर्मंड क्विक यांनी 1935 साली घालून दिली, परंतु प्रत्येक प्रयोगशाळेचे रसायन निराळे आणि म्हणून उत्तरही निराळे, हा घोळ निस्तरण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 1983 साली आय. एन. आर. हे सामाईक परिमाण मुक्रर केले. फिटरकाकांचा आकडा अडीच ते साडेतीन यांमध्ये राहावा, असा डॉक्टरांचा हुकूम आहे.

यंत्र तळहातावर मावणारे. खरी करामत आहे ती त्यात खोचावयाच्या पट्टीत. काका कोमट पाण्याने हात धुऊन येतात, पट्टी खोचतात, यंत्र ती तापवून सज्ज होते, मग पेराच्या कडेला सुई टोचतात, आणि तेथून पंधरा सेकंदांच्या आत थेंब पट्टीवर गेला पाहिजे, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत काकू बजावतात, “अहो, बोट पिळू नका!” पिळल्यास ऊतींतील द्रव मिसळून उत्तर बिघडते. पट्टीत वाळवून ठेवलेले रसायन रक्तास गोठण्याची चेतावणी देते. गोठणक्रियेच्या साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन उत्पन्न झाले की ते पट्टीतील एक संयुग तोडते, तुटलेला अंश सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण करतो, आणि थेंब पडल्यापासून त्या क्षणापर्यंतचा काळ मोजून यंत्र मिनिटभरात आकडा दाखविते. जुन्या बनावटीत लोहाचे कण चुंबकाच्या प्रभावाने रक्तात डोलत असत व गुठळी धरताच थबकत. काकांच्या मनात अजून तीच युक्ती श्रेष्ठ आहे. “तिथं काहीतरी हलायचं आणि थांबायचं,” ते म्हणतात. त्या दिवशी आकडा आला 3.1, व वहीत तारखेपुढे त्याची नोंद झाली.

मला यंत्राचे कौतुक वाटले, परंतु त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेची चिंता अधिक वाटली. यंत्र एकदाच घ्यावयाचे. पट्टी मात्र दर खेपेस नवी, आणि निवृत्तिवेतनातून तो खर्च भागवावयाचा असल्याने दर आठवड्याची परीक्षा हळूहळू पंधरवड्यावर जाते. उष्णतेने व दमट हवेने पट्टी बिघडते, आणि या दोहोंचा आमच्या कल्याण-डोंबिवलीत तोटा नाही. पट्टी बिघडली असल्यास यंत्र ते ओळखून उत्तर नाकारते हे खरे, पण ती पट्टी गेली ती गेलीच. श्रावणातील पालेभाज्यांनी आकडा खाली येतो, दातदुखीसाठी घेतलेल्या एखाद्या प्रतिजैविकाने तो भलताच चढतो. तेव्हा गोळी अर्धी करावी की जैसे थे ठेवावी, हे यंत्र सांगत नाही. जर्मनीत 1980 च्या दशकापासून रोग्यांना याचे रीतसर शिक्षण देण्यात आले. येथे डॉक्टरांचा दूरध्वनी लागला तर तेच शिक्षण. शिवाय अमेरिकेत सुमारे 2,900 रोग्यांवर झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आठवड्यास घरी तपासणारे व महिन्यास दवाखान्यात जाणारे यांच्यात पक्षाघात, मोठा रक्तस्राव वा मृत्यू यांच्या बाबतीत लक्षणीय अंतर दिसले नाही. तपासणीची कटकटच नको अशा नव्या गोळ्या निघाल्या आहेत, पण त्यांपैकी डॅबिगाट्रान या गोळीचा यांत्रिक झडपांच्या रोग्यांवरील प्रयोग गुठळ्या व रक्तस्राव या दोन्ही कारणांनी मध्येच थांबवावा लागला, तेव्हा काकांची सुटका नाही.

यंत्रही निर्दोष नव्हेच. 2018 साली अमेरिकेत आकडा वाजवीपेक्षा जास्त दाखविणाऱ्या लक्षावधी पट्ट्या परत मागवाव्या लागल्या होत्या. म्हणून काका अधूनमधून शिरेतील रक्त प्रयोगशाळेत देऊन रुजवात घालतात, व वहीत दोन रकाने आखून दोन्ही आकडे शेजारी मांडतात. अंतर मोठे निघाल्यास प्रयोगशाळेचा आकडा प्रमाण मानावा, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे. पण एकदा दोन प्रयोगशाळांचेच आपसांत जमेना, तेव्हापासून ते एकाच ठिकाणी जातात, आणि ती जागा रविवारी बंद असते.