इंग्रजीच्या तासाला मुलं गप्प का होतात?

जळगावच्या मेहरूणमधल्या कितीतरी घरांत अहिराणी किंवा लेवा बोली बोलतात. शाळेत प्रमाण मराठी, आणि २००० पासून राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी. त्यात सर कडक असले, की बाकीच्या तासांना चुरूचुरू बोलणारं पोरगं इंग्रजीच्या तासाला मान खाली घालतं.

ही भीती संशोधकांनी मोजलीय! १९८६ मध्ये एलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गातल्या धास्तीसाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. बोलायची धास्ती, परीक्षेची धास्ती आणि लोक काय म्हणतील ही धास्ती, असे तीन धागे त्यांनी मांडले. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या मते मन धास्तावलं, की कानावर पडलेली भाषाही आत नीट रुजत नाही.

माझ्या मते कडकपणा दोन तऱ्हांचा. वही पूर्ण हवी, वेळेवर यायचं, हा मुलांना चालतो. अशा बाईंचा त्यांना आधारच वाटतो. उच्चार चुकला म्हणून वर्गासमोर हसं करणं मात्र जिव्हारी लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार मारच नव्हे, मानसिक छळही निषिद्ध आहे.

मग चूक सुधारायची कशी? मुलगा ‘ही गो’ म्हणाला, तर बाईंनी सहज ‘हो, ही गोज’ म्हणून पुढे जावं. पोरगं ऐकतं आणि बोलत राहतं.