केसांखालचा गिनीपिग

इंग्लंडमधल्या गिनीपिगांच्या प्रदर्शनात पेरुव्हियन जातीचा प्राणी परीक्षकासमोर येतो तो गोणपाट लावलेल्या छोट्या लाकडी पाटावर बसून. पाठीवर मधोमध भांग, दोन्ही बाजूंना खाली सोडलेले केस आणि पुढच्या केसांनी झाकलेले तोंड. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे नवख्याला चटकन सांगता येत नाही. निवडक प्राण्यांमध्ये हे केस अर्ध्या मीटरपर्यंत वाढतात. प्रदर्शन नसते तेव्हा ते मोकळे सोडतच नाहीत. एकेक बट तपकिरी कागद आणि बाल्सा लाकडाच्या पातळ पट्टीभोवती गुंडाळून रबराने बांधून ठेवतात. किलोभर वजनाच्या जिवासाठी माणसे रोज एवढा खटाटोप करतात.

त्याच्या मूळ प्रदेशात या केसांचे असे कौतुक नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत काही हजार वर्षांपूर्वी गिनीपिग माणसाळला तो मांसासाठी. आजही पेरूमध्ये त्याला ‘कुय’ म्हणतात आणि त्याची रीतसर शेती होते. तिथले पशुपालक केसांवरून त्याचे प्रकार पाडतात. आखूड आणि सरळ केसांचा पहिला प्रकार मांसासाठी सर्वोत्तम मानतात. लांब केसांचा तिसरा प्रकार दिसायला देखणा, पण मांसासाठी फारसा उपयोगाचा नाही असे त्यांचे मत. गिनीपिग सोळाव्या शतकात युरोपात पोहोचला आणि लांब केसांच्या देखण्या जाती पुढे हौशी पैदासकारांनी निवडीतून घडवल्या. पेरुव्हियनचे केस तोंडावर येतात, शेल्टीचे मागे वळतात. कॉरोनेट म्हणजे डोक्यावर तुरा असलेला शेल्टी. टेक्सेलचे केस लांब आणि कुरळे असतात.

केस वाढत का राहतात, याचे उत्तर आनुवंशिकतेत आहे. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम कॅसल यांनी १९०५ मध्ये गिनीपिग आणि सशांच्या केसांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंडेलचे नियम नव्याने उजेडात येऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. आखूड केसांचा गुण प्रभावी आणि लांब केसांचा अप्रभावी असल्याचे कॅसल यांना दिसले. म्हणजे आई-बाप दोघेही आखूड केसांचे असले तरी एखादे पिल्लू लांब केसांचे निघू शकते. उंदीर, कुत्रा आणि मांजर या प्राण्यांमध्ये यामागची यंत्रणा पुढे स्पष्ट झाली. केसाच्या मुळाशी ‘आता वाढ पुरे’ असा इशारा देणारे एक प्रथिन असते. त्याच्या जनुकात बिघाड झाला की इशारा वेळेवर पोहोचत नाही, वाढीचा काळ लांबतो आणि केस लांबतच जातो.

घरी पिल्लू आणणाऱ्याची फसगत इथेच होते. गिनीपिगाची पिल्ले डोळे उघडे ठेवून, अंगभर केस घेऊनच जन्मतात. मात्र महिना-दीड महिन्याचे लांब केसांच्या जातीचे पिल्लू फक्त जरा जास्त फुललेले दिसते. मुंबई-पुण्याच्या दुकानात ते गोंडस वाटते म्हणून घरी येते. केस महिन्याला सुमारे अडीच सेंटीमीटर वाढतात. सहा महिन्यांत ते जमिनीवर लोळू लागतात आणि त्यांत गवताच्या काड्या, भुसा आणि लेंड्या अडकायला लागतात. काखेत, कानामागे, पोटाखाली गुंते होतात. तसेच राहू दिले तर त्यांच्या घट्ट जटा बनतात. त्या कातडीला सतत ओढत राहतात आणि खाली हवा न लागलेली कातडी ओली, लाल होते.

म्हणून रोज विंचरावे. बारीक दातांचा धातूचा कंगवा आणि मऊ ब्रश एवढे पुरते. गुंता आधी बोटांनी सोडवावा, मग टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे सरकत कंगवा फिरवावा आणि दुसऱ्या हाताने केसांचे मूळ धरून ठेवावे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. न सुटणारी जट कापताना कातडी आणि कात्री यांच्यामध्ये कंगवा धरलाच पाहिजे. गिनीपिगाची कातडी पातळ असते आणि जटेबरोबर वर उचलली जाते. अनेक जखमा अशाच होतात. आंघोळ क्वचितच घालावी, तीही गुंते सोडवल्यावर. ओल्या जटा आणखी आवळतात. टेक्सेलचे कुरळे केस ब्रशने तुटतात, त्यांच्यासाठी बोटे आणि रुंद दातांचा कंगवा बरा.

खरे तर घरच्या गिनीपिगाचे केस कापून आखूड ठेवावेत. प्रदर्शनात उतरवायचे नसेल तर जमिनीवर लोळणाऱ्या केसांचा त्या प्राण्याला काहीच फायदा नाही. गोल टोकाच्या कात्रीने केस जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर घ्यावेत आणि मागच्या बाजूचे त्याहून आखूड करावेत. सौंदर्य कमी होईल म्हणून कात्री लावायला कचरणारे पालक भेटतात; त्यांनी एकदा मागचे केस उचलून पाहावे.

कारण सर्वांत मोठा धोका तिथेच आहे. मूत्राने भिजलेल्या केसांचा वास माश्यांना खेचून आणतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात निळ्या-हिरव्या माश्या अशा केसांत अंडी घालतात. उबदार हवेत ती दिवसभरात फुटतात आणि अळ्या थेट कातडी कुरतडू लागतात. वरून प्राणी जसाच्या तसा दिसतो. केसांखाली अळ्या दिसल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक पशुवैद्याकडे न्यावे. पावसाळी दमट हवेत गजकर्णाची बुरशीही वाढते. ती माणसाला, विशेषतः लहान मुलांना लागते, त्यामुळे खपली धरलेला केसविरहित डाग दिसला की हाताळणी थांबवून उपचार सुरू करावेत. पिंजऱ्यात लाकडाच्या भुशाऐवजी धुता येईल असे जाड फ्लीसचे कापड अंथरले, तर निम्मा गुंता टळतो. तारेच्या जाळीचा तळ मात्र नको, त्याने तळपायांना जखमा होतात.

गिनीपिग शिकार होणारा प्राणी आहे. आजार लपवणे हा त्याचा जुना बचाव आहे. त्यात लांब केसांची भर पडली की अशक्तपणा कोणाच्या नजरेस येत नाही. बरगड्या दिसू लागल्या तरी वरचा डौल तसाच राहतो. म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे लांब केसांच्या गिनीपिगाचे सर्वांत उपयोगी साधन आहे. दर आठवड्याला ठरावीक वेळी वजन घ्यावे आणि लिहून ठेवावे. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो. आठवड्यात पन्नासेक ग्रॅम घटले तर कारण शोधायला हवे.

पहिले कारण बहुधा आहारात सापडते. माणसाप्रमाणेच गिनीपिगाच्या शरीरालाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. त्याच्या याच उणिवेमुळे एक मोठे कोडे सुटले. नॉर्वेचे आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक बेरीबेरीचा शोध घेत होते. १९०७ मध्ये त्यांना दिसले की फक्त धान्य खाणाऱ्या गिनीपिगांना स्कर्व्ही होते आणि ताजा भाजीपाला दिला की ती बरी होते. १९३२ मध्ये हंगेरीत आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी आपल्याला सापडलेले आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध केले, तेही गिनीपिगांवरच्या प्रयोगांतून. १९३७ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गिनीपिगाने विज्ञानाला एवढे देऊनही आपल्याकडे कित्येक घरांत त्याला सशाचे किंवा पक्ष्यांचे दाणे घालतात, ज्यांत हे जीवनसत्त्व नसतेच. मग सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येते, चाल मंदावते आणि हे सारे केसांआड घडते.

किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम एवढी त्याची गरज असते. ढोबळी मिरचीचे दोन-तीन तुकडे आणि कोथिंबिरीच्या काड्या यांत ती भागते. पेरूच्या फळात क जीवनसत्त्व भरपूर, पण साखरही आहे, त्यामुळे आठवड्यातून एखाद-दुसरी छोटी फोड पुरे. पाण्यात औषधाचे थेंब टाकून उपयोग नाही. उजेडात आणि पाण्यात क जीवनसत्त्व लवकर नासते.

जेवणाचा मुख्य भाग गवताचा. त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात आणि त्यांची झीज होते ती गवत चघळून. परदेशातून येणारे टिमोथी गवत महाग पडते. फवारणी न केलेली हरळी, म्हणजे आपल्या दूर्वाच, उत्तम चालते. सोबत वाळलेले गवत सतत समोर हवे. गुरांसाठी मिळणारा लसूण घास पिल्लांना आणि गाभण मादीला ठीक, पण मोठ्या प्राण्याला रोज देऊ नये. त्यातल्या कॅल्शियममुळे मूतखडे होतात. गवत कमी पडले की गिनीपिग स्वतःचे किंवा जोडीदाराचे केस कुरतडतो. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले केस पुढेच सरकावे लागतात आणि त्यासाठीही गवताचा चोथाच लागतो.

उन्हाळा हा या पाहुण्याचा खरा शत्रू. १८ ते २४ अंश सेल्सिअस त्याला सुखाचे. २७-२८ च्या पुढे उष्माघाताची भीती असते, कारण घाम गाळून अंग थंड करण्याची सोय त्याच्याकडे नाही. विदर्भात किंवा मराठवाड्यात ज्यांच्या घरी मे महिन्यात थंड खोलीची सोय नाही, त्यांनी लांब केसांची जात आणूच नये. इतरांनी मार्चमध्येच केस कापून घ्यावेत. पिंजरा गच्चीवर वा बंद बाल्कनीत ठेवू नये आणि बसायला गार फरशीचा तुकडा द्यावा.

एकटा गिनीपिग झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून त्याला एकटा ठेवण्यास कायद्याने मनाई आहे. जोडी घेताना नर-मादीची ओळख पशुवैद्याकडून करून घ्यावी, कारण मादी महिन्याभराची असतानाही गाभण राहू शकते.

पशुवैद्य निवडतानाही चौकशी करावी. कुत्र्या-मांजरांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे तोंडाने दिल्यास गिनीपिगाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावू शकतो. घरात उरलेले प्रतिजैविक त्याला कधीही देऊ नये. सकाळी ठेवलेले गवत संध्याकाळी तसेच दिसले आणि लेंड्या कमी झाल्या, तर आतड्याची हालचाल मंदावली असे समजावे. ती तातडीची वेळ असते. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता, त्याच संध्याकाळी दवाखाना गाठावा.