माशीवरचा हिरवा ठिपका

रायफलीच्या नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. डोळ्याजवळच्या खाचेत ही माशी मधोमध धरायची आणि तिच्या माथ्यावर लक्ष्य टेकवायचं, हा नेमबाजीचा पहिला धडा. तिन्हीसांज झाली की काळी माशी काळोखात विरघळते. लक्ष्य धूसर का होईना दिसत असतं. हरवते ती आपलीच बंदूक.

जुन्या विलायती शिकारी रायफलींवर यासाठी एक दुमडती पाकळी असे. तिच्यावर हस्तिदंताचा किंवा पांढऱ्या मिन्याचा ठसठशीत मणी. चांदण्या रात्री ती उभी करायची, म्हणून तिचं नावच ‘मूनसाइट’. अमावास्येला तिचा काही उपयोग नव्हता. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये टिपलं, ते रायफलीवर बसवलेल्या विजेच्या बॅटरीच्या उजेडात.

माशीने स्वतःच प्रकाशावं, ही सोय रेडियमने केली. क्यूरी दांपत्याने १८९८ मध्ये शोधलेलं हे मूलद्रव्य झिंक सल्फाइडमध्ये मिसळलं की होणारा रंग रात्रंदिवस चमकतो. पहिल्या महायुद्धात तो घड्याळांच्या तबकड्यांवर, विमानांच्या उपकरणांवर आणि बंदुकांच्या माश्यांवर चढला. त्याची किंमत अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या तरुण कामगार मुलींनी मोजली. तबकड्या रंगवताना कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. त्यांचे जबडे कुजले, हाडं मोडली, कित्येक जणी दगावल्या. आपल्याकडे गाडीची नंबरपाटी करणाऱ्या दुकानावर आजही ‘रेडियम’ लिहिलेलं असतं. तिथल्या चमकत्या कागदात रेडियमचा कणही नसतो, तो फक्त पडलेला उजेड परत फेकतो. शब्द मात्र त्या मुलींच्या काळातला आहे.

रेडियमची जागा पुढे ट्रिटियमने घेतली. हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ. काचेच्या केसासारख्या नळीला आतून चमकणाऱ्या पदार्थाचा लेप द्यायचा आणि तिच्यात हा वायू कोंडायचा. त्याचे किरण इतके दुबळे, की काचेबाहेर येत नाहीत, कातडीही भेदत नाहीत. नळी फुटून वायू श्वासात जाऊ नये, एवढं सांभाळावं लागतं. इस्रायलच्या गलील रायफलीवर अशाच नळ्यांच्या दुमडत्या माशी-खाचा आहेत. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या माशीत मूळ उजेडाचा जेमतेम पाव हिस्सा उरतो. म्हणून जुना माल घेताना आधी बनावटीचं साल पाहावं. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटचा रंग किरणोत्सारी नाही, स्वस्तही आहे. पण त्याला आधी उजेड पाजावा लागतो आणि पहिल्या तासातच तो बराच मंदावतो.

रंग हिरवाच घ्यावा. अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो. लाल ठिपका त्याला अंधूक दिसतो. पुढे एकच बारीक ठिपका आणि मागे दोन, पण मागचे पुढच्यापेक्षा मंद असावेत. तिन्ही सारखेच उजळ असले तर घाईत पुढचा ठिपका दोघांच्या मधोमध बसण्याऐवजी बाजूला धरला जातो आणि गोळी भलतीकडेच जाते. ठिपका फार मोठा किंवा फार तेजस्वी असेल तर तो लक्ष्यालाच झाकतो. मागे खाचेऐवजी छिद्र असेल तर ते रुंद हवं. काळोखात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. दोन मिलिमीटरच्या छिद्राने त्यातला बहुतेक उजेड अडतो.

इतकं करूनही हा ठिपका फक्त आपली बंदूक दाखवतो. समोर कोण आहे, ते दाखवत नाही. आणि बॅटरीचा झोत टाकला की उजळलेल्या लक्ष्यावर साधी काळी माशीही स्पष्ट उठून दिसते. म्हणून माझं मत असं, की ज्याच्याजवळ चांगली बॅटरी आहे, त्याने माशीवर पैसे घालण्याची घाई करू नये.

शिकारीला आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. कोकणात शेतसंरक्षणाचा बंदूक परवाना असलेल्यांनाही रानडुकरावर गोळी झाडण्याआधी वनखात्याची परवानगी लागते. ती हातात असली, तरी झुडपाआड डुक्कर आहे की राखणीला आलेला शेजारी, हे उजेडात पाहून घ्या. ओळख पटेपर्यंत बोट चापावर नेऊ नका.